फोन वाजलाच नव्हता

तुमची पोरगी चंद्रपुरात काय काम करते, असं कोणी विचारलं की रुखमाबाई छाती पुढे काढून सांगायची, वाघ पाहते. विचारणाऱ्याचे डोळे कपाळात गेले की मग सावकाश खुलासा करायची, की पोरगी खुद्द नाही पाहत, मशीन पाहते, आणि पोरगी त्या मशीनला सांभाळते. त्यात खोटं काही नव्हतं. आरमोरीच्या पलीकडे जंगलाला खेटून पिपरटोला नावाचं गाव आहे, तिथली ही नंदिनी. गडचिरोलीत कॉम्प्युटर शिकली आणि चंद्रपुरात तुकूम भागातल्या एका संस्थेच्या लहानशा ऑफिसात लागली. त्या ऑफिसचं एकच काम, ‘हाकारा’ चालवणं. जंगलाच्या कडेला झाडांवर कॅमेरे बांधलेले. कॅमेऱ्यात वाघ दिसला की हाकारा त्या बाजूच्या गावांना फोन लावायचा आणि सांगायचा, वाघ इकडे आहे, मागे फिरा.

पिपरटोल्याच्या बाया तेंदूपत्त्याच्या दिवसांत भल्या पहाटे टोळीनं जंगलात जातात. आत गेलं की भल्याभल्या फोनांची रेंज जाते, पण धुरपताचा बटणांचा डबडा फोन कसा कोण जाणे रेंज धरून ठेवायचा. म्हणून टोळीसाठी हाकाऱ्यात तिचाच नंबर घातलेला. धुरपता रुखमाबाईच्या शेजारची, एकटी बाई, हाडानं काटक आणि तोंडानं कमी. तिनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवून फोन गळ्यात घातला. पिशवी गळ्यात आली तशी तिची चालही बदलली. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ती टोळीच्या मधोमध चालायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लोक तिला हाक मारून विचारायला लागले, धुरपताबाई, निघायचं का?

त्याआधी ही राखण डोमाकडे होती. म्हातारा डोमा जंगलाच्या तोंडाशी मोहाच्या झाडावर चढून बसायचा आणि मधूनमधून हाक द्यायचा. आतून बाया हाक परतवायच्या. हाक परत नाही आली, की काहीतरी बिनसलं असं समजून तो गाव जमा करायचा. हाकारा सुरू झाला तेव्हा नंदिनीनंच गावात सभा घेतली आणि सांगितलं, की आता डोमाकाकांना या वयात झाडावर चढवायची गरज नाही. फोन आला तर मागे फिरा, फोन नाही आला तर खुशाल जा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते शेवटचं वाक्य तिनं कुठे विचार करून म्हटलं होतं! बोलण्याच्या भरात निघून गेलं, आणि गावानं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

आता हाकाऱ्याच्या पोटातली गोष्ट थोडी सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रोग्राम एकच, पण त्याच्या काही जुळ्या प्रती एकाच वेळी चालायच्या. ऑफिसात त्यांना रेप्लिका म्हणत. एक बंद पडली तर बाकीच्यांनी काम ओढायचं. या सगळ्या प्रतींच्या टोळीवर, ऑफिसच्या भाषेत क्लस्टरवर, एक मुकादम. तोही प्रोग्रामच, पण नंदिनी त्याला मुकादमच म्हणायची, कारण त्याचं काम तेच. हजेरीवर नजर ठेवायची आणि एखादी प्रत मेली की तिच्या जागी दुसरी उभी करायची. सुधारलेला प्रोग्राम घालायचा असला तरी हा मुकादम जुन्या प्रतींना एकदम घरी पाठवत नाही. आधी एक नवी उभी करतो आणि तिला विचारतो, तयार आहेस का? ती तयार असली तरच एक जुनी जाते. मग दुसरी नवी, मग दुसरी जुनी. राजुऱ्याकडच्या खाणीत बदलीचा माणूस हाताशी आल्याशिवाय पंपवाला पंप सोडत नाही, तशातला प्रकार.

आणि ‘तयार आहेस का’ हा सवाल अजीमभाईंनी मुद्दाम अवघड करून ठेवला होता. अजीमभाई म्हणजे ऑफिसचे मुख्य. बापजाद्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे बोलणं कमी आणि चिकाटी फार. त्यांचा नियम असा, की नव्या प्रतीनं ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनवर खराखुरा कॉल लावून दाखवायचा. टेबलावरचा फोन वाजला तर तयार, नाही तर बस दारात. दुसरा नियम, अपडेट करायचं ते दुपारी, बाया जंगलातून परत आल्यावर.

त्या उन्हाळ्यात नंदिनीनं एक चांगली गोष्ट काढली होती, ते खोटं कशाला बोला. हाकारा नुसता मराठीत बोलायचा. टोळीतल्या गोंड म्हाताऱ्यांना फोनवरची ती छापील मराठी धड उमगायची नाही. म्हणून नंदिनीनं गावात जाऊन बुधरीचा आवाज भरून आणला. बुधरी धुरपताची जिवाची मैत्रीण, गोंड, खळखळून हसणारी. तिच्या ओसरीवर बसून गोंडीतलं ते ‘वाघ आला, मागे फिरा’ भरताना बुधरी दर वेळी अर्ध्यातच पदर तोंडाला लावून हसायची. शेवटी एकदाचं साधलं. त्यानंतर ती गावभर सांगत सुटली, की आता धुरपताच्या पिशवीतून मी बोलणार.

तो आवाज घातलेला नवा हाकारा तयार झाला आणि नेमके त्याच सुमारास नागपुराहून पाहुणे येणार असं ठरलं. संस्थेला मदत करणारी मोठी माणसं. अजीमभाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, पाहुण्यांना चालू आहे तेच दाखव, नवीन दुपारनंतर घाल. नंदिनी हो म्हणाली. पण पाहुण्याच्या हातात फोन द्यायचा आणि त्यातून बुधरीचा गोंडी आवाज यायचा, हे चित्र तिनं मनात इतक्यांदा पाहून ठेवलं होतं की तिला दम निघेना. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! सकाळी ऑफिस उघडायच्या आत जाऊन बसली आणि तिनं अपडेट सोडलं.

पहिली नवी प्रत उभी राहिली. मुकादमानं सवाल केला. टेबलावरचा फोन गप्प. मुकादमानं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, फोन गप्पच. आता इथे नीट लक्ष द्या, बिघडलं काहीच नव्हतं. जुन्या प्रती आपापल्या जागी शाबूत होत्या, वाघ दिसला असता तर फोन गेलाच असता. अडलेलं अपडेट म्हणजे शहाणपणानं थांबलेलं अपडेट. पण नंदिनीच्या पडद्यावर पिवळा ठिपका लुकलुकत होता आणि पाहुणे वाटेत होते. मागे कधीतरी लाइन मंद असल्यामुळे या सवालानं उगाच अडवलं होतं, तेच तिनं मनाशी धरलं. हा टेबलावरचा फोनच आगाऊ आहे म्हणाली, आणि तिनं सवालच बदलून टाकला. ‘कॉल लावता येतो का’ च्या जागी ‘जिवंत आहेस का’. बस. जिवंत तर मेंढरूही असतं, म्हणून काय त्याला राखणीला बसवायचं? पण मुकादम हुकुमाचा ताबेदार. त्यानं विचारलं, नव्या प्रती हो म्हणाल्या, जुन्या एकेक करून गेल्या, आणि पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला.

फोन कंपनीच्या लाइनचा पासवर्ड नव्या हाकाऱ्यात घालायचाच राहिला होता. घालायचा होता तो नंदिनीनंच.

पाहुणे आले. नंदिनीनं त्यांच्यातल्या एका बाईंच्या हातात फोन दिला, आता बघा म्हणाली, आणि कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. बाई फोन उलटासुलटा करून पाहायला लागल्या. नंदिनीच्या कानशिलांना आग लागली. तिनं खुर्ची ओढली आणि मुकादमाला एका ओळीचा हुकूम दिला, मागे फिर. रोलबॅक म्हणतात त्याला. नव्या प्रती गेल्या, जुन्या परत आल्या, बाईंच्या हातातला फोन मराठीत बोलला. पाहुण्यांनी माना डोलावल्या, पोहे खाल्ले. गोंडीचं नंतर दाखवू म्हणून अजीमभाईंनी वेळ मारून नेली. आणि नंदिनीला काय वाटत होतं सांगू? आपलं नाक कापलं गेलं, एवढंच. पाहुण्यांसमोर फजिती झाली याचीच तिला लाज. त्या सकाळची खरी लाज अजून वाटेत होती.

पाहुणे जिना उतरत असतानाच तिच्या मायचा फोन आला. रुखमाबाई रडत, धापा टाकत बोलत होती. वाघानं बुधरीला धरलं होतं. तेंदूच्या झुडपावर वाकून पानं तोडत असताना मागून आला. खांदा आणि मान फाडली. बायांनी आरडाओरडा केला, आणि धुरपता तर हातातली पाण्याची कॅन घेऊन वाघाच्या अंगावरच धावली, तेव्हा कुठे त्यानं सोडलं. बुधरी जिवंत होती, गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेत होते. एवढं सांगून रुखमाबाईनं विचारलं,

“नंदे, तुह्या मशीनचा फोन गेल्ता का वो? धुरपता म्हन्ते वाजलाच नाई.”

जिन्यात अजून पाहुण्यांच्या चपलांचा आवाज होता.

“गेला होता माय,” ती म्हणाली. “मी पाह्यला.”

पाहिलाबिहिला काही नव्हता. तिचं तिलाच कळलं नाही ते कसं तोंडातून पडलं. मग खुर्चीवर येऊन तिनं सकाळचं सगळं उघडून पाहिलं. कॅमेऱ्यानं वाघ बरोबर पकडला होता. नव्या हाकाऱ्यानं धुरपताचा नंबर लावायचा प्रयत्न केला होता, आणि तो दर वेळी फोन कंपनीच्या दारातच पडला होता. पाहुण्यांसाठी मागे फिरवायला तिला एक ओळ पुरली होती. हे कसं मागे फिरवायचं, ते तिला सुचेना. तिनं पडदा बंद केला आणि संडासात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

आता गावात काय झालं असेल ते तुम्हीच समजा. फोन गेला होता असं खुद्द मशीनवालीच म्हणते म्हटल्यावर दोष कोणाचा? पिशवी जिच्या गळ्यात तिचा. कोणी म्हणालं, धुरपतानं पानांच्या लोभानं फोन वाजलेला ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कोणी म्हणालं, आवाज बारीक करून ठेवला असणार. आलेल्या फोनांची यादी त्या डबड्यात उघडून पाहायचं कोणाला सुचलं नाही. आणि सगळ्यांत पुढे रुखमाबाई! ज्या शेजारणीच्या घरचं मीठ-मिरची तिनं उभा जन्म उसनं घेतलं, तिलाच पाण्याच्या नळावर गाठून म्हणाली, माझी पोरगी खोटं बोलेल का? धुरपतानं एकच उत्तर दिलं, वाजला नाही, आणि घागर उचलून गेली. टोळीनं पिशवी फोनसकट तिच्या गळ्यातून काढून घेतली आणि रुखमाबाईच्या गळ्यात घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी लागली.

हे सगळं नंदिनीला मायच्याच तोंडून कळायचं, रोज फोनवर, मीठमसाला लावून. टोळी आता धुरपताला सोबत नेत नव्हती, त्यामुळे ती एकटीच जंगलाच्या कडेकडेनं पानं तोडत होती. नंदिनी रोज ठरवायची, आज मायला सांगते, आणि रोज मायचा तो अभिमानानं भरलेला आवाज ऐकून गप्प बसायची. मग एक दिवस रुखमाबाई विजयानं म्हणाली, आता आली ती ठिकाणावर. आता धुरपता स्वतःच म्हणते, कोण जाणे, माझे कानच गेले असतील.

रविवारी नंदिनी दवाखान्यात गेली. बुधरीचा खांदा आणि मान पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेली, चेहरा सुकलेला, पण नंदिनीला पाहून तिनं ओठ हलवून जोहार केला. नंदिनीनं आणलेली मोसंबी उशाशी ठेवली. बुधरीच बोलली, थांबत थांबत.

“धुरपता खोटं नाई बोलत वो बाई. मी सकाळपासून तिलेच चिकटून होती. माहा आवाज येनार होता नं फोनात, म्हून. वाजला असता त मीच आदी आयकला असता.”

दवाखान्यात कोणी भेटायला आलं की बुधरी हे सांगायची. लोक म्हणायचे, रक्त फार गेलंय तिचं, आणि मैत्रिणीची बाजू घेते. नंदिनी मोसंबीची साल नखानं कुरतडत बसली. खाली मान घालून किती वेळ बसावं एका माणसानं! बुधरीला वाटलं आपली जखम पाहून पोरीला कसंतरी होतंय. तिनं चांगल्या हातानं नंदिनीच्या गुडघ्यावर थोपटलं. बुधरीनं तोंडावर थुंकलं असतं तर नंदिनीला ते सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अजीमभाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. नियम मोडून सकाळी सोडलेलं अपडेट, बदललेला सवाल, राहिलेला पासवर्ड, मायला सांगितलेलं खोटं. अजीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मला त्याच दिवशी दिसलं होतं,” ते म्हणाले. “तू कधी सांगतेस, तेवढंच पाहून राह्यलो होतो. तेही माझं चुकलंच. तोवर एक बाई एकटी जंगलात जाते, हे मला माहीत नव्हतं.”

रागावले असते तर बरं, असं तिला पुन्हा वाटलं. अजीमभाईंनी पाहुण्यांना फोन लावून खरं काय झालं ते तिच्यासमोरच सांगितलं. मग दोघांनी बसून तो अवघड सवाल होता तसा परत घातला, आणि हाकाऱ्यात एक नवी गोष्ट केली. वाघ असो-नसो, रोज पहाटे बाया निघायच्या आधी हाकारा एकदा फोन करील, मी जागा आहे म्हणून. तो फोन आला नाही तर हाकारा मेला असं समजायचं आणि जंगलात पाय ठेवायचा नाही. डोमाची हाक परत यायची, तसंच ते. नंदिनीनं स्वतःच बंद पाडलेली रीत होती ती. या वेळी अपडेट दुपारी सोडलं, पहिली नवी प्रत उभी राहिली आणि टेबलावरचा फोन खणखणून वाजला. गावाला कळवायला माणूस पाठवतो, असं अजीमभाई म्हणाले. नंदिनी म्हणाली, नको, मी जाते.

पिपरटोल्याला ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गावाबाहेर जिथे पानांची पुडकी जमा करतात, फळी म्हणतात त्या मोकळ्या आवारात, सगळ्या बाया आपापले ढीग पुढे घेऊन पुडकी बांधत बसल्या होत्या. मधोमध रुखमाबाई, गळ्यात पिशवी. धुरपता एका टोकाला, पळसाखाली, एकटी. पोरगी अचानक आलेली पाहून रुखमाबाईनं तिथूनच जाहीर केलं, की माझी नंदा आली, आणि जागा करायला सरकली. नंदिनी बसली नाही. मायजवळ वाकून हळूच म्हणाली, मला सगळ्यांसमोर एक सांगायचंय. रुखमाबाईनं तिचा चेहरा पाहिला मात्र, आई ती आई, तिला काहीतरी कळलंच. ती तिचा हात ओढून म्हणाली, घरी बोलू, आधी घरी चल. नंदिनीनं हात सोडवून घेतला.

“त्या दिवशी फोन वाजलाच नव्हता,” ती म्हणाली. पळसाखालच्या टोकापर्यंत पोचावं म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं म्हटलं. “हाकाऱ्याचा फोन गेलाच नव्हता. माझ्या हातानं बिघडला होता. पाहुण्यांना दाखवायची मला घाई होती. आणि मायनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलली. धुरपताकाकूचं काहीच चुकलं नाई.”

बायांचे हात थांबले. मग एकीनं विचारलं, बुधरी मेली असती तर? दुसरी पुटपुटली, शिकलेल्यांचं असंच असतं. नंदिनी उभीच राहिली. तिला वाटत होतं, शिव्या द्याव्यात यांनी, दगड मारावेत. तिची नजर मायकडे गेली. रुखमाबाई आपल्या ढिगाकडे पाहत होती, चेहऱ्यावरचा सगळा रंग उडालेला. गावभर ‘माझी पोरगी, माझी पोरगी’ करणारं ते तोंड इतकंसं झालं होतं. नंदिनीनं आपली लाज कशीबशी पेलली असती, पण मायची झुकलेली मान तिच्यानं पाहवेना.

धुरपता मात्र उठून आली. सावकाश, लुगड्याला लागलेली पानं झटकत, नंदिनीच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. नंदिनीनं डोळे मिटले. आता थोबाडीत बसेल, असं तिला वाटलं.

“म्हंजे,” धुरपतानं विचारलं, “माहे कान चांगले हायेत?”

नंदिनीनं होकाराची मान हलवली आणि तिथंच खाली बसली, पानांच्या कचऱ्यात, आणि ओक्साबोक्शी रडली. धुरपतानं तिला उठवलं नाही, जवळही घेतलं नाही. ती आपल्या जागेवर परत गेली आणि राहिलेली पुडकी बांधायला लागली. थोड्या वेळानं रुखमाबाई उठली. गळ्यातली पिशवी काढून तिनं धुरपतासमोर ठेवली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, मले माफ कर वो. धुरपतानं पिशवीला हात लावला नाही. पिशवी दिवस मावळेपर्यंत दोघींच्या मधे तशीच पडून राहिली.

घरी रुखमाबाईनं ताट वाढलं, समोर सरकवलं आणि तोंड भिंतीकडे करून पडली.

पहाटे जंगलाच्या तोंडाशी बाया जमल्या आणि फोनची वाट पाहत थांबल्या, नंदिनीनं आदल्या संध्याकाळी तसं सांगून ठेवलं होतं. धुरपताही आली, या वेळी कोणी तिला लांब उभं केलं नाही. पिशवी रुखमाबाईच्या हातात लोंबत होती, गळ्यात घालायची तिची छाती होत नव्हती. नंदिनी त्यांच्यामागे उभी होती. आणि फोन वाजला. धुरपतानं पुढे होऊन पिशवीतून फोन काढला आणि कळ दाबून सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. आधी मराठी, मग गोंडी. अपडेटच्या आधी पुन्हा दवाखान्यात जाऊन नंदिनीनंच भरून घेतलेला बुधरीचा आवाज, या वेळी हसू नसलेला, थकलेला, मी जागा आहे म्हणून सांगणारा. म्हाताऱ्या गोंड बाया एकमेकींकडे पाहून काहीतरी बोलल्या. धुरपतानं आवाज संपेपर्यंत ऐकलं. मग फोन पिशवीत घातला, रुखमाबाईला परत दिला नाही, स्वतःच्या गळ्यातही घातला नाही. ती नंदिनीजवळ आली आणि तिनं पिशवी तिच्या गळ्यात घातली.

“चाल आमच्यासंगं,” ती म्हणाली. “आज तू आयक.”

नको म्हणायला नंदिनीजवळ तोंड नव्हतं. ती टोळीच्या मधोमध चालायला लागली. पायांत शहरातल्या चपला, गळ्यात ती लुगड्याची पिशवी, तिला घामाचा आणि धुराचा वास. रुखमाबाई मागून येत होती, अजून एक शब्द न बोलता, पण लेकीच्या ओढणीचं टोक काट्याला अडकलं तेव्हा तिनं ते सोडवून दिलं. आत शिरल्यावर बाया पांगल्या, पण एकमेकींना दिसतील एवढ्याच. नंदिनी दर चार पावलांनी पिशवीत डोकावून रेंज पाहत होती. फोन गप्प होता. गप्प म्हणजे वाघ नाही, की गप्प म्हणजे काहीतरी मेलंय? सकाळी वाजला होता ना? वाजला होता. मग आता? मुकादम जागेवर असेल ना? हेच सवाल धुरपतानं रोज एकटीनं गळ्यात बांधून वागवले होते, आणि नंदिनीनं भर सभेत म्हटलं होतं, खुशाल जा, आणि स्वतः चंद्रपुरात जाऊन बसली होती.

धुरपतानं पुढून वळून पाहिलं आणि पिशवीकडे काय पाहत बसलीस, पानं तोड, म्हणून सांगितलं. नंदिनी तेंदूच्या झुडपावर वाकली. वाकल्यावर तिला कळलं, की वाकलेल्या बाईला पाठीमागचं काहीच दिसत नाही.